टेक्निकल कम्युनिकेशनचे मार्क वाचणाऱ्याला देऊ द्या

संपादक महोदय,

नमस्कार. कॉलेजातले फालतू विषय कमी करा असं सांगणारं एक पत्र तुमच्याकडे मध्यंतरी छापून आलं, त्यातल्या यादीत टेक्निकल कम्युनिकेशनचं, म्हणजे मशीनची किंवा कामाची माहिती वाचणाऱ्याला वापरता येईल अशी लिहायला शिकवणाऱ्या विषयाचं, नाव होतं आणि कारण असं दिलं होतं की हे म्हणजे इंग्रजीच, ते शाळेत झालंय, आणि उरलंसुरलं आता एआय लिहून देतो. मी सध्या हाच कोर्स करतेय म्हणून लिहायला बसले. गंमत अशी की त्या पत्राशी मी निम्मी सहमत आहे, कारण हा विषय बऱ्याच ठिकाणी ज्या पद्धतीनं उरकतात तसा तो उद्या बंद केला तरी कोणाचं काही अडणार नाही. माझं भांडण त्याच्या परीक्षेशी आहे.

आधी मी कोण ते सांगते म्हणजे बाकीचं कळेल. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, बरीच वर्षं झाली. लॅबमध्ये प्रत्येक गोष्टीची एसओपी, म्हणजे काम कसं करायचं त्याची ठरलेली लेखी पद्धत, असते, सॅम्पल कसं घ्यायचं, सेंट्रिफ्यूज किती वेळ चालवायचं, कंट्रोल (मशीन बरोबर चाललंय का ते बघायचं ठरलेलं सॅम्पल) फेल झाला तर काय करायचं, सगळं फाइलमध्ये असतं, प्रत्येक पानावर आमच्या सह्या असतात की वाचलं आणि समजलं, आणि नवीन मुलगी आली की ती फाइल उघडतसुद्धा नाही, सरळ शेजारच्या सिनियरला विचारते. आता ही फाइल काय कोणी बेपर्वाईनं लिहिलेली नाहीये. ज्यांना मशीन तोंडपाठ आहे त्यांनी लिहिलीय आणि ऑडिटरला दाखवायला लिहिलीय, म्हणून हेतू, व्याप्ती, जबाबदाऱ्या, संदर्भ हे सगळं आधी आणि हातानं नेमकं काय करायचं ते सहाव्या पानावर. त्या फाइली नव्यानं लिहायचं काम माझ्याकडे आलं म्हणून मी नोकरी सांभाळून कॉलेजात नाव घातलं. वर्गात बाकी सगळी इंजिनिअरिंगची मुलंमुली आहेत, मला ताई म्हणतात, आणि त्यातल्या बहुतेकांनी हा विषय स्कोअरिंग आहे एवढ्याच माहितीवर घेतलाय.

स्कोअरिंग का, तर जुन्या प्रश्नपत्रिका बघा. संवादाची व्याख्या लिहा. संवादातले अडथळे सांगा. संवादाचे सात सी (क्लिअर, कन्साइज, करेक्ट असे इंग्रजी सी अक्षरानं सुरू होणारे सात गुण) उदाहरणांसह स्पष्ट करा. टेक्निकल आणि साध्या लेखनातले फरक तक्त्यात मांडा. तीन तास बसून मुलं हे लिहितात, चांगले मार्क पडतात, आणि ह्या सगळ्यात कोणीही एक साधी सूचना अशी लिहिलेली नसते जी वाचून दुसऱ्या माणसानं काही करून बघितलंय. स्वयंपाकाची परीक्षा घ्यायची आणि चव कोणी घ्यायचीच नाही, असला हा प्रकार.

माझं नशीब म्हणून आमचे सर वेगळे निघाले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी घरी बीपी मोजायच्या मशीनबरोबर येतं तसलं एक माहितीपत्रक वर्गात आणलं, मराठीत होतं, आणि ऑफिसमधल्या एका काकांना विनंती करून बोलावलं की तुम्ही हे वाचा आणि त्याप्रमाणे स्वतःचं बीपी मोजा. आम्हाला अट एकच, बोलायचं नाही, मदत करायची नाही, मानसुद्धा हलवायची नाही, जे दिसेल ते वहीत लिहायचं. मंडळी, गप्प बसणं किती कठीण असतं ते मला त्या दिवशी कळलं. पहिली पायरी होती, कफ, म्हणजे तो फुगणारा पट्टा, दंडावर बांधा. काकांनी शर्टाच्या बाहीवरूनच बांधला, चित्रात उघडा दंड होता पण चित्र नखाएवढं. दुसरी पायरी, ट्यूब योग्य दिशेला असल्याची खात्री करा. योग्य म्हणजे कुठली? काकांनी कफ एकदा असा फिरवला, एकदा तसा, मग आमच्याकडे बघितलं, आम्ही सगळे वहीत डोकं घालून. तिसरी पायरी, बटण दाबा. दाबलं. कफ फुगायला लागला तसे काका बोलायला लागले, केवढं घट्ट होतंय हो हे, असंच असतं का वगैरे, आणि आकडा आला तो चांगलाच वरचा. मग त्यांनी कागद उलटा केला. मागच्या बाजूला, बारीक अक्षरात, महत्त्वाच्या सूचना ह्या मथळ्याखाली: मोजण्याआधी ५ मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली असावी, पाय जमिनीवर सरळ, एकावर एक टाकू नका, कफ उघड्या दंडावर बांधा, मोजताना बोलू नका. काका म्हणाले, अहो हे आधी नको का सांगायला?

बघा, त्या कागदावर चुकीचं वाक्य एकही नव्हतं. व्याकरण नीट, शुद्धलेखन नीट, माहिती पूर्ण, आणि परीक्षेत लिहिला असता तर दहापैकी आठ मार्क आरामात मिळाले असते. तरी काकांचं बीपी चुकीचं मोजलं गेलं, आणि घरी एकटा माणूस असा आकडा बघून घाबरून डॉक्टरकडे पळाला असता किंवा उलट, हे मशीनच बिघडलंय म्हणून खराखुरा वाढलेला आकडा त्यानं सोडून दिला असता.

मग वर्गानं तो कागद नव्यानं लिहिला. शांत बसणं पहिल्या पायरीला आलं. ट्यूबचं असं झालं की ट्यूब खाली तळहाताच्या दिशेला यायला हवी. कफची खालची कड कोपराच्या घडीच्या २ ते ३ सेंटिमीटर वर. बोलू नका ही सूचना बटण दाबा ह्याच्या आधी, नंतर नाही. हा कागद लायब्ररीतल्या एका मॅडमना दिला आणि त्या भराभर पुढे गेल्या, फक्त एका ठिकाणी अडल्या, हात हृदयाच्या पातळीवर ठेवा. त्यांनी हात हवेत उचलून धरला, तसाच ताणून. आम्हाला वाटलं होतं हे वाक्य तर एकदम क्लिअर आहे. मग पुन्हा बदललं, हात टेबलावर टेकवा, कफ छातीच्या मध्याच्या उंचीला येईल असं बघा, टेबल खालचं असेल तर हाताखाली उशी घ्या. असं ते चालतं. कोणाला तरी देऊन बघितल्याशिवाय हे वाक्य अडणार आहे हे वर्गातल्या एकाही हुशार मुलाला सांगता आलं नव्हतं, सरांनासुद्धा नाही, ते त्यांनी मोकळेपणानं कबूल केलं.

धोक्याच्या सूचना हा ह्यातला मला सगळ्यात आवडलेला भाग. आम्ही सगळीकडे सरसकट सावधान आणि महत्त्वाचे असं लिहितो, लाल अक्षरात, आणि इतकं लाल झालं की कोणी काहीच बघत नाही. अमेरिकेत ह्यासाठी एएनएसआय झेड५३५ नावाची स्टँडर्ड्स आहेत, त्यात पायऱ्या ठरवून दिल्यात. टाळलं नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच असेल तिथे डेंजर, होऊ शकत असेल तिथे वॉर्निंग, किरकोळ किंवा मध्यम इजा होऊ शकत असेल तिथे कॉशन, आणि माणसाला नाही, नुसतं वस्तूचं नुकसान असेल तर नोटिस. म्हणजे लिहिणाऱ्याला आधी ठरवावं लागतं की इथे नक्की काय होऊ शकतं. ते ठरवायला मशीनची माहिती लागते, भाषेची नाही, आणि म्हणूनच हा विषय इंग्रजीच्या तासात कोंबणं मला पटत नाही.

अपघातांच्या केसेस आमच्या कोर्समध्ये पुष्कळ आहेत. थेरॅक-२५ नावाचं रेडिएशन देणारं मशीन होतं, १९८५ ते १९८७ मध्ये अमेरिका आणि कॅनडात त्यातून सहा रुग्णांना भयंकर जास्त डोस गेला, काही जण त्यातच दगावले. मूळ दोष सॉफ्टवेअरचा आणि आधीच्या मॉडेलमधले हार्डवेअरचे सेफ्टी लॉक काढून टाकल्याचा, ते बाजूला ठेवू. पण १९८६ मध्ये टेक्सासमधल्या एका केसमध्ये ऑपरेटरच्या स्क्रीनवर काय आलं बघा: मॅलफंक्शन ५४. बस. ऑपरेटरच्या मॅन्युअलमध्ये त्याचा खुलासा नाही. मशीनला लावलेल्या कागदावर फक्त डोस इनपुट २ एवढंच, आणि नंतर कळलं की त्याचा अर्थ, डोस फार जास्त गेलाय किंवा फार कमी गेलाय. ही दोन्ही टोकं एकाच कोडमध्ये! वर मशीन असल्या बारीकसारीक कारणांनी रोजच थांबायचं आणि कीबोर्डवरचं पी दाबलं की पुढे चालू व्हायचं, त्यामुळे पी दाबायची सवय लागलेली, आणि स्क्रीनवरचा आकडा तर डोस कमी गेलाय असं दाखवत होता. ऑपरेटरनं पी दाबलं. लॅबमध्ये ॲनालायझरवर, म्हणजे सॅम्पल तपासणाऱ्या मशीनवर, असले नुसते नंबर मी रोज बघते आणि आम्ही पण एंटर दाबून पुढे जातो, सगळेच जातात, त्यामुळे ही केस वाचून मला दोन दिवस चैन नव्हतं.

दुसरी थ्री माइल आयलंडची, २८ मार्च १९७९, अमेरिकेतलं अणुवीज केंद्र. तिथे एक व्हॉल्व्ह उघडा अडकून राहिला, पाणी बाहेर जात राहिलं आणि पॅनेलवरचा दिवा मात्र सांगत होता की बंद आहे. खरं तर तो दिवा एवढंच सांगत होता की बंद हो हा सिग्नल गेलाय, व्हॉल्व्ह प्रत्यक्षात बंद झालाय की नाही ह्याच्याशी त्याचा संबंध नव्हता. आणि त्याहून वाईट म्हणजे त्याच बनावटीच्या दुसऱ्या एका केंद्रात सप्टेंबर १९७७ मध्ये तसंच घडून गेलेलं, तिथेही ऑपरेटरनी थंड करणारं पाणी लवकर बंद केलं होतं, थोडक्यात निभावलं. अणुभट्टी बनवणाऱ्या कंपनीतल्या एका इंजिनिअरनं फेब्रुवारी १९७८ मध्ये मेमो लिहिला की ऑपरेटरना दिलेल्या सूचना बदला. मेमो ऑफिसात ह्या टेबलावरून त्या टेबलावर फिरला, त्यावर शंका निघाल्या, दुसरा मेमो निघाला, आणि अपघाताच्या दिवसापर्यंत ऑपरेटरच्या हातात नवी सूचना काही पोचली नाही. ते मेमो आम्ही वर्गात वाचले. वाचल्यावर सरांनी विचारलं, तुम्हाला सकाळी टेबलावर असा कागद आला तर आज जेवायच्या आधी तुम्ही काय कराल? कोणालाच सांगता येईना. माहिती सगळी होती, पण कोणी काय करायचं आणि नाही केलं तर काय, ते शोधून काढावं लागत होतं.

आता ह्यावर माझी एक तक्रार पण आहे. अपघात सांगितले की वर्ग शांत होतो, मुलं फोन खाली ठेवतात, म्हणून शिकवणाऱ्यांना ते सोयीचे पडतात, पण त्यामुळे असं वाटायला लागतं की हा विषय अणुभट्टी आणि रॉकेटवाल्यांसाठीच आहे. खराब लिहिलेल्या कागदानं रोज जे नुकसान होतं ते फार बोअरिंग असतं हो. कोणीतरी सपोर्टला फोन करतो, कोणीतरी अर्धा दिवस चुकीचे स्क्रू काढत बसतो, सॅम्पल पुन्हा मागवावं लागतं, फॉर्म परत येतो. बातमी होत नाही एवढंच. आणि चांगल्या कागदाची उदाहरणं पण आहेत की, ती का नाही सांगत? जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये ऑपरेशनला भूल देण्याआधी, कापण्याआधी आणि शेवटी म्हणायची एक चेकलिस्ट काढली, १९ मुद्दे, एका पानात. आठ देशांतल्या आठ हॉस्पिटलांत ती वापरून बघितली त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये आले, मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलेलं. श्रेय सगळं कागदाचं नाही, टीमनं एकमेकांशी मोठ्यानं बोलण्याचं पण आहे, पण बोलायला लावलं त्या पानानंच ना? आमच्या चाळीस पानांच्या फाइलीनं आजवर कोणाला बोलायला लावलेलं मी तरी बघितलं नाही.

भाषेचं म्हणाल तर तीही शिकवतात, पण शाळेत शिकलो त्याच्या बरोबर उलटी. विमानांच्या देखभालीच्या मॅन्युअलसाठी सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश नावाचे नियम आहेत, त्याचं पहिलं गाइड १९८६ मध्ये निघालं, कारण विमान दुरुस्त करणाऱ्या कित्येकांची मातृभाषा इंग्रजी नसते. करायच्या कामाचं वाक्य २० शब्दांच्या आत, माहितीचं २५ च्या आत, एका शब्दाला ठरवलेला एकच अर्थ. शाळेत एकच शब्द परत वापरला की बाई लाल गोल करायच्या, इथे समानार्थी शब्द वापरला की गोल होतो, कारण आधी झाकण म्हटलं आणि मग कव्हर म्हटलं तर वाचणारा दुसरी वस्तू शोधायला लागतो. (हे पत्र त्या नियमांत कुठेच बसत नाही ह्याची मला पूर्ण कल्पना आहे, पण पत्र वाचून कोणाला विमान दुरुस्त करायचं नाहीये.)

राहिलं एआय. अमेरिकेतली सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन ही कित्येक दशकं चाललेली संस्था २०२५ च्या जानेवारीत बंद झाली तेव्हा वर्गातली पोरं म्हणाली, बघा ताई, संपला विषय. मी एआय वापरते, लपवत नाही, गुळगुळीत वाक्यं तो माझ्यापेक्षा छान लिहितो. पण आमच्या ॲनालायझरची रोजची साफसफाई त्याच्याकडून लिहून घेतली तर त्यानं एक अशी पायरी घातली जी त्या मॉडेलमध्ये नाहीच, आणि इतक्या आत्मविश्वासानं घातली की मशीन समोर नसतं तर मी पण मान डोलावली असती. तो लायब्ररीतल्या मॅडमसमोर गप्प बसून बघू शकत नाही की हात हवेत गेला. उलट आता लिहिणं स्वस्त झालंय आणि तपासणं महाग, म्हणजे कोर्समध्ये तपासणं जास्त शिकवायला हवं, कमी नाही.

माझं मागणं तसं छोटं आहे. लेखी परीक्षेचे निम्मे तरी मार्क काढा आणि ते कामाला द्या. प्रत्येकानं आपल्याच शाखेतली एक खरी प्रक्रिया लिहायची, वर्गाबाहेरच्या कोणाला तरी ती देऊन करून घ्यायची, जिथे अडलं तिथली नोंद ठेवायची, सुधारायची, पुन्हा द्यायची. पहिला ड्राफ्ट, नोंदी आणि शेवटचा ड्राफ्ट, तिन्ही जमा करायचे. पहिल्या ड्राफ्टचे मार्क कापायचे नाहीत, नाहीतर मुलं पहिला ड्राफ्ट शेवटी बसून बनवतील, मी ओळखते त्यांना. शेवटचा कागद बघून अनोळखी माणसाला काम जमलं का, हा मार्कांचा सगळ्यात मोठा हिस्सा.

ह्यावर प्राध्यापक लगेच म्हणतील की एवढा मोठा वर्ग, एवढे कमी तास, कसं जमायचं. मला ही अडचण खोटी वाटत नाही. पण लागतात किती माणसं? युजेबिलिटीवाले, म्हणजे वस्तू वापरायला किती सोपी आहे ते तपासणारे, जेकब नील्सन यांनी २००० मध्येच मांडलं होतं की पाच जणांवर तपासलं तरी बहुतेक अडचणी वर येतात, आणि त्यावर पुढे वाद झालेत हे खरं असलं तरी आमचा अनुभव असा की पहिल्या दोघांतच डोळे उघडतात. सिव्हिलच्या मुलाचा कागद कॉम्प्युटरच्या मुलीला द्या, तिचा त्याला, वेगळी माणसं शोधायलाच नकोत. आणि शिकवायला भाषेच्या शिक्षकाबरोबर त्या शाखेचा एक जण वर्गात बसू दे, महिन्यातून एकदा बसला तरी चालेल, कारण वाक्य सोपं झालं की नाही ते एक सांगेल आणि सोपं करताना खोटं झालं का ते दुसरा. सध्या होतं काय की टेक्निकल विभाग म्हणतो हे भाषेवाल्यांचं आणि भाषेवाले म्हणतात आम्हाला मशीन कळत नाही, आणि मधल्यामधे सात सी.

पत्र फार लांबलंय, तुम्ही कापणार हे माहीत आहे. कापायचं असेल तर ते विमानाच्या नियमांचं कापा, अपघातांपैकी एक ठेवलात तरी चालेल, पण बीपी मशीनचं तेवढं पूर्ण ठेवा. आणि माझं नाव छापू नका प्लीज, लॅबमधल्या त्या जुन्या फाइली ज्यांनी लिहिल्यात ते तुमचा पेपर वाचतात.

आपली,
एक वाचक